व्यंग आणि व्यंग्य

गेल्या वर्षीच्या आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातली गोष्ट. नववीच्या मुलींनी 'जंगलातला बॅले' नावाचा एक कार्यक्रम बसविला होता. मोबाईलवर पाहिलेल्या कुठल्याशा जुन्या कार्टूनवरून तो उचललेला होता. कुणी शहामृग, कुणी हत्ती, कुणी मगर झाली होती. पाणघोडी झालेली मुलगी अंगाने चांगली भरलेली. तिला गुलाबी रंगाचा घेरदार झगा घातला होता. ती चवड्यांवर चालत रंगमंचावर आली, तिने हात वर करून गिरकी घेतली आणि सारे पटांगण हसून लोटपोट झाले. पहिल्या रांगेत पाहुण्यांच्या शेजारी बसलेला मीही हसलो. इतका हसलो, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

पुढे सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमाची यादी माझ्या टेबलावर आली, तेव्हा त्या मुलीचे नाव तीत नव्हते. लहानपणापासून नाच शिकणारी, दर वर्षी सर्वांत आधी नाव देणारी ही मुलगी. मी तिला कार्यालयात बोलावून कारण विचारले. बराच वेळ ती खाली पाहत उभी राहिली. मग म्हणाली, "सर, लोक माझ्या नाचाला हसले, का मला हसले?"

वाचकहो, मी इतिहासाचा एम. ए. मुलांना प्रश्न विचारण्यात माझी हयात गेली. पण त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही. "घंटा झाली बेटा, वर्गात जा," एवढे बोलून मी सुटका करून घेतली. सुटका झाली नाही, हे निराळे सांगायला नको. मास्तर माणसाला उत्तर सापडले नाही की तो पुस्तकांकडे वळतो. तसा मीही वळलो, आणि कार्टूनमधल्या बॅलेचा इतिहास चाळू लागलो. दिवाळी अंकाच्या वाचकाला हा विषय जरा चमत्कारिक वाटेल, पण थोडा धीर धरावा.

आधी बॅले म्हणजे काय ते पाहू. आपण मराठीत 'बॅले' म्हणतो तेव्हा पुष्कळदा आपल्याला नृत्यनाट्य अभिप्रेत असते. युरोपातला बॅले निराळा. राजदरबारात वाढलेली ती कला एकोणिसाव्या शतकात एका विलक्षण ध्यासाने झपाटली गेली. तो ध्यास म्हणजे शरीराला वजन नाही असे भासविण्याचा. १८३२ साली पॅरिसमध्ये मारी ताल्योनी या नर्तिकेने 'ला सिल्फीद' या बॅलेत वायुकन्येची भूमिका केली. पायाच्या बोटांच्या टोकावर उभे राहून तिने जे नृत्य केले, त्याने पुढच्या काळाला वळण लावले. नर्तकी जमिनीला टेकते न टेकते अशी तरंगली पाहिजे, हा आदर्श झाला. सडपातळ बांधा, हलका पांढरा झगा, टोकाचे बूट, हे सारे त्या एका आदर्शाच्या सेवेसाठी आले.

जिथे आदर्श इतका हलका, तिथे विनोद कुठे सापडणार हे उघड आहे. तो वजनात सापडणार. हाइन्रिश क्लाय या जर्मन चित्रकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी नाचणारे हत्ती आणि मगरी शाईने रेखाटल्या. वॉल्ट डिस्नेला त्याच्या चित्रांची मोठी आवड होती. १३ नोव्हेंबर १९४० रोजी न्यूयॉर्कला डिस्नेचा 'फँटेशिया' झळकला. लिओपोल्ड स्टोकोव्स्कीने संचालित केलेल्या पाश्चात्त्य अभिजात संगीतावर चित्रे नाचविण्याचा हा प्रयोग होता. त्यातला एक भाग म्हणजे 'डान्स ऑफ द अवर्स'. इटालियन संगीतकार पोंकिएल्ली याच्या १८७६ सालच्या 'ला जोकोंदा' या ऑपेरातला हा बॅलेचा तुकडा. त्यात दिवसाचे प्रहर नाचतात. डिस्नेने ते प्रहर प्राण्यांना वाटून दिले. सकाळ शहामृगांना, दुपार पाणघोड्यांना, संध्याकाळ हत्तींना आणि रात्र मगरींना. हायासिंथ नावाची पाणघोडी आणि बेन अली नावाचा मगर यांचे युगुलनृत्य हा त्यातला कळस. आमच्या मुलींनी उचलला तो हाच प्रसंग.

आता गंमत अशी, की हे चित्रकार बॅलेची टवाळी करायला बसले खरे, पण त्याआधी त्यांनी बॅलेचा कसून अभ्यास केला. रशियन परंपरेतले त्या काळचे नामवंत नर्तक त्यांनी नमुना म्हणून समोर ठेवले. शहामृगांच्या नायिकेसाठी इरिना बारोनोव्हा आणि पाणघोडी-मगराच्या जोडीसाठी तात्याना र्‍याबुशिन्स्का व डेव्हिड लिशिन. बारोनोव्हा आणि र्‍याबुशिन्स्का या तर किशोरवयातच युरोप गाजवून 'बाल-बॅलेरिना' म्हणून प्रसिद्धी पावलेल्या. म्हणून ते चित्र आज पाहिले तर जाणवते, की पाणघोडीचा पाय जिथे पडायला हवा तिथेच पडतो, मान जशी वळायला हवी तशीच वळते. बॅलेचे व्याकरण कुठे चुकलेले नाही. हसू येते ते व्याकरण अचूक आणि देह मात्र भलताच, या विसंगतीमुळे.

इथवर वाचले तेव्हा मला हायसे वाटले. मनात म्हटले, मुलीला उत्तर मिळाले. लोक नाचाला हसले नाहीत आणि तिलाही हसले नाहीत, ते विसंगतीला हसले. पण इतिहासाचा विद्यार्थी पुढचे पान उलटतो, हीच त्याची पंचाईत.

पुढच्या पानावर हॅटी नोएल भेटली. ही कृष्णवर्णीय अमेरिकन विनोदी नटी, देहाने स्थूल. पाणघोडीचे वजन कसे हलते, ते कागदावर उतरावे म्हणून डिस्नेच्या स्टुडिओत तिला बॅलेचा झगा घालून उभे केले गेले आणि चित्रकारांनी तिच्या हालचाली टिपल्या. म्हणजे हायासिंथचा नाच एका नर्तकीचा आणि वजन दुसऱ्या बाईचे. एकीकडून कौशल्य घेतले, दुसरीकडून देह घेतला. नर्तकीचे नाव बॅलेच्या इतिहासात मानाने राहिले. हॅटी नोएलचे नाव ठाऊक असणारे फार थोडे. झगा घालून ती तिथे उभी होती, तेव्हा तिच्याभोवती पेन्सिली सरसावून बसलेले लोक कशाला हसत असतील? तिच्या नाचाला, की तिला? माझ्या कार्यालयातला प्रश्न ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या स्टुडिओतून चालत माझ्यापर्यंत आला होता.

डिस्नेनंतरच्या कार्टूनांत बॅलेला दोन फाटे फुटलेले दिसतात. एक फाटा आदराचा. १९५९ साली डिस्नेनेच 'स्लीपिंग ब्यूटी' काढला, तेव्हा त्याचे संगीत चायकोव्स्कीच्या १८९० सालच्या त्याच नावाच्या बॅलेवरून घेतले. २००१ सालच्या 'बार्बी इन द नटक्रॅकर'मध्ये न्यूयॉर्क सिटी बॅलेच्या नर्तकांच्या हालचाली यंत्राने टिपून बाहुलीच्या अंगात घातल्या. २०१६ सालच्या 'बॅलेरिना' या चित्रपटासाठी पॅरिस ऑपेराची ख्यातनाम नर्तकी ऑरेली द्यूपाँ हिने नृत्ये रचली. या सगळ्या चित्रांतल्या नायिका वेताच्या छडीसारख्या.

दुसरा फाटा थट्टेचा. त्यातही अस्सल माल आहे, हे कबूल केले पाहिजे. चक जोन्सचा १९५७ सालचा 'व्हॉट्स ऑपेरा, डॉक?' पाहावा. बग्ज बनी हा ससा वेणी घालून वाग्नरच्या ऑपेरातली वीरांगना होतो आणि त्याच्या शिकाऱ्याबरोबर मोठ्या गांभीर्याने बॅले करतो. त्या नाचात कुणाच्या देहाची टर नाही, प्रेमाच्या ढोंगाची आहे. पण अशी उदाहरणे थोडी. पुढच्या नकलाकारांनी अभ्यास सोडून दिला आणि फक्त युक्ती उचलली. जाड प्राणी घ्या, त्याला झगा घाला, धाडकन पाडा. पन्नास वर्षे ही युक्ती चालली. थोडक्यात, सडपातळ असेल ती राजकन्या आणि जाड असेल ती थट्टा, अशी वाटणी होऊन गेली. सातासमुद्रापलीकडची ही वाटणी आधी दूरदर्शनवरून, मग १९९५ साली आलेल्या कार्टून नेटवर्कवरून आणि आता मोबाईलवरून तापीच्या काठी येऊन पोहोचली.

पण आपल्याकडे याच गोष्टीचा एक उलटा इतिहास घडला आहे, आणि तो आपल्या मध्य प्रदेशाशी बांधलेला आहे. त्याचा धागा आन्ना पाव्हलोव्हापासून निघतो. १९२३ साली या रशियन नर्तकीने लंडनमध्ये उदयशंकर या भारतीय चित्रकला-विद्यार्थ्याला आपल्याबरोबर 'राधा-कृष्ण' नाचायला घेतले. उदयशंकर पुढे जगप्रसिद्ध झाले. त्यांच्या अल्मोड्याच्या केंद्रात काम केलेला शांती बर्धन हा बंगाली कलावंत नंतर मुंबईला आला. 'इप्टा'च्या मध्यवर्ती पथकासाठी त्याने अंधेरीत नृत्ये बसविली. क्षयाने त्याचे शरीर पोखरले होते. तशा अवस्थेत १९५२ साली त्याने मुंबईत 'लिटल बॅले ट्रूप' काढला आणि 'रामायण' रचले. या रामायणात माणसे कठपुतळ्यांसारखी नाचतात. चौकोनी मुखवटे, कोनाकोनात मोडणारे हातपाय, जणू वरून कुणी दोऱ्या ओढीत आहे. १९५४ साली बर्धन गेला. त्याने हाती घेतलेले 'पंचतंत्र' त्याच्या सहकाऱ्यांनी पुरे केले. कावळा, उंदीर, कासव आणि हरिण या चार मित्रांची ती गोष्ट. पुढे हे पथक ग्वाल्हेरला आणि मग भोपाळला आले. बर्धनची पत्नी गुल बर्धन हिने ते २०१० साली आपला अंत होईपर्यंत सांभाळले. त्याच वर्षी तिला पद्मश्री मिळाली होती.

तरुणपणी एका प्रशिक्षणासाठी भोपाळला गेलो असताना मी हे 'रामायण' पाहिले आहे. मागे बसलेली मुले हसत होती, मीही हसत होतो. पण ते हसू निराळे होते. लाकडाची बाहुली दोरीला हिसका बसून जशी वळते, तसा हाडामांसाचा माणूस वळतो, हे पाहून होणारा तो आनंद होता. अमेरिकेत प्राण्यांच्या चित्रांनी माणसांचे नृत्य केले; आपल्याकडे माणसांनी बाहुल्यांचे आणि प्राण्यांचे नृत्य केले. तिथे पाणघोडी नर्तकी होऊ पाहते आणि आपण तिला हसतो. इथे नर्तक कासव होऊ पाहतो आणि कासव कसे चालते ते आपण नव्याने पाहतो. विशेष म्हणजे जवळपास त्याच काळात, १९५६ साली, क्लेअर वीक्स हा डिस्नेच्या 'बॅम्बी'वर काम केलेला चित्रकार मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून शिकवायला आला होता. त्याच्या हाताखाली १९५७ साली जातककथेतल्या हरणावर 'द बन्यन डिअर' तयार झाला आणि राम मोहन यांच्यासारखे शिष्य घडले. एकाच शहरात एक जण हरणाचे चित्र नाचवायला शिकवीत होता आणि दुसऱ्याचे शिष्य स्वतः हरिण होऊन नाचत होते.

आता माझ्या लेखाच्या शीर्षकाविषयी. आम्ही सीमेवरची माणसे, घरात मराठी आणि दारात हिंदी. कार्टूनला मराठीत म्हणतात व्यंगचित्र आणि हिंदीत म्हणतात व्यंग्यचित्र. फरक एका 'य'चा. मुलांच्या वह्या तपासताना हा 'य' मी कितीदा तरी खोडला आहे किंवा घातला आहे. पण या प्रश्नाने मला तो पहिल्यांदा नीट वाचायला लावला. व्यंग म्हणजे देहातले उणे, वैगुण्य. व्यंग्य म्हणजे सूचित अर्थ, जे शब्दात नाही पण शब्दातून कळते ते. देहाचे उणे दाखवून हसविणे हे व्यंग. देहापलीकडचे काही सुचवून हसविणे हे व्यंग्य. हायासिंथच्या चित्रात दोन्ही आहेत. र्‍याबुशिन्स्काच्या पावलांतून आलेले ते व्यंग्य, हॅटी नोएलच्या देहातून उचललेले ते व्यंग. नकलाकारांनी 'य' गाळला आणि उरले ते घेतले.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. स्मित आणि हसित हे उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, विहसित व उपहसित मध्यमांचे आणि अपहसित व अतिहसित अधमांचे. डोळ्यांतून पाणी येईपर्यंतचे हसणे कुठल्या वर्गात बसते, हे मुख्याध्यापकाने सांगण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट मनात येते. वजनाची लाज हा मुळात बॅलेचा प्रश्न, आपल्या नृत्याचा नव्हे. आपले नृत्य जमिनीपासून पळत नाही. कथकात पाऊल जमिनीवर आपटते तेव्हा घुंगरू बोलतात. भरतनाट्यम् गुडघे वाकवून जमिनीशी जवळीक करते. आणि आपल्याकडे नाचणारा हत्ती तर देव आहे. खजुराहोच्या पुरातत्त्व संग्रहालयात नृत्यगणेशाची भव्य मूर्ती आहे. पोट सुटलेले, सोंड वळलेली, पाय तालात. तिच्यापुढे हसणारा प्रेक्षक मी पाहिलेला नाही. महाराष्ट्रातला तमाशाही आधी गण म्हणतो, मग पुढे सरकतो. आणि तुंदिलतनू गणपती उंदरावरून घसरला म्हणून चंद्र हसला, तेव्हा शाप घसरणाऱ्याला मिळाला नाही, हसणाऱ्याला मिळाला. ही कथा मी दर भाद्रपदात मुलांना सांगतो. सांगताना आपण चंद्राच्या जागी बसलो आहोत असे कधी वाटले नव्हते.

अर्थात आपले सगळे सोवळे आणि विलायतेचे सगळे ओवळे, असे मी म्हणत नाही. आपल्या नाटकांत आणि सिनेमांत जाड नटनट्यांची जी टवाळी झाली आहे, ती कुठल्या डिस्नेने शिकविली नव्हती. उपहास सर्व देशांत स्वस्त असतो. महाग असतो तो अभ्यास.

एवढी जुळवाजुळव करून मी त्या मुलीला पुन्हा बोलावले. आधी शाळेच्या संगणकावर 'फँटेशिया'तला तो प्रसंग तिला दाखविला. ती हसली नाही. नाच शिकणारी मुलगी जशी पाहते तशी, पायांकडे पाहत राहिली. संपल्यावर म्हणाली, "सर, ती कुठेच ताल चुकत नाही."

मी म्हटले, "तू पण चुकली नव्हतीस बेटा. आणि मी हसलो ते तुझ्या नाचाला नाही, तुलाच हसलो. ती माझी चूक होती."

हे वाक्य बोलायला मला इतके महिने आणि एवढे वाचन लागले. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून ते बोलणे सोपे नसते. ती काही बोलली नाही. तेव्हा शांतता भरून काढायला मी उत्साहाने नृत्यगणेशाची सारी माहिती तिला सांगितली आणि सुचविले, की यंदाच्या संमेलनात तू गणेशवंदना कर, सुरुवातच तुझ्या नाचाने होऊ दे.

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले. "गणपती नको सर," ती म्हणाली. "म्हणजे मी परत हत्तीच झाले ना."

माझे सारे संशोधन त्या एका वाक्याने जमिनीवर आले. व्यंग काय, व्यंग्य काय, त्या मुलीला कशाचेच प्रतीक व्हायचे नव्हते. तिला फक्त नाचायचे होते. मी विचारले, "मग काय करणार?" म्हणाली, "कथक. एकटीच. मला जे येतं ते."

यंदाच्या कार्यक्रमाच्या यादीत तिने स्वतःच्या हाताने आपले नाव लिहिले आहे. शाळा सुटल्यावर वरच्या हॉलमध्ये सराव चालतो. माझे कार्यालय त्याच्या बरोबर खाली आहे. हा लेख मी तिथेच बसून लिहितो आहे. वरून तिची पावले ऐकू येतात, चांगली वजनदार, आणि प्रत्येक पाऊल समेवर पडते.